पाले मिकेलबोर्ग : माइल्स डेव्हिस यांच्या नावातल्या दहा अक्षरांवर अल्बम रचणारा डॅनिश संगीतकार

एम, आय, एल, ई, एस. डी, ए, व्ही, आय, एस.

ही दहा इंग्रजी अक्षरं सलग वाचली की जॅझमधलं एक अवाढव्य नाव तयार होतं, माइल्स डेव्हिस. 1984 साली डेन्मार्कच्या एका ट्रंपेटवादकाने हीच दहा अक्षरं समोर ठेवली, प्रत्येक अक्षराला एक स्वर दिला आणि त्यातून निघालेल्या स्वरांच्या ओळीवर अख्खी रचना उभी केली. पुढे त्या रचनेचा अल्बम झाला आणि अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले. कव्हरवर नाव मात्र माइल्स डेव्हिस यांचं. ग्रॅमीसुद्धा त्यांच्याच नावावर.

हे संगीत ज्यांनी लिहिलं, वादकांकडून बसवून घेतलं आणि निर्माता म्हणून शेवटपर्यंत नेलं, ते पाले मिकेलबोर्ग. जॅझ ऐकणाऱ्यांनाही हे नाव पटकन आठवत नाही. 'ऑरा' अल्बम ऐकलेला असतो, तो कुणाचा हे विचारलं की उत्तर येतं, माइल्सचा. ते उत्तर चूक नाही. अपुरं आहे.

मिकेलबोर्ग यांची ओळख एका अल्बमपुरती नाही. जॅझ, रॉक, सिंफनी ऑर्केस्ट्रा, इलेक्ट्रॉनिक आवाज आणि थेट कर्नाटक संगीतातून आलेलं व्हायोलिन, अशा सगळ्या ठिकाणी त्यांचा ट्रंपेट सापडतो. हा माणूस इतक्या ठिकाणी पोहोचला कसा, हे समजून घ्यायचं तर सुरुवात 1960 च्या कोपनहेगनपासून करावी लागते.

अमेरिकन जॅझवाले कोपनहेगनला का येत होते?

पाले मिकेलबोर्ग यांचा जन्म 6 मार्च 1941 रोजी कोपनहेगनमध्ये झाला. ट्रंपेट ते स्वतःच शिकले. पुढे कोपनहेगनच्या रॉयल म्युझिक कॉन्झर्वेटरीत त्यांनी शिक्षण घेतलं, पण ते संगीत-संचालनाचं, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभं राहून तो चालवण्याचं. वाद्य स्वतःचं स्वतः शिकायचं आणि वाद्यवृंद कसा चालतो ते मात्र रीतसर शिकायचं, हा उलटा क्रम त्यांच्या पुढच्या कामात सतत दिसतो. 1960 च्या सुमारास ते व्यावसायिक वादक झाले.

वेळ नेमकी साधली गेली होती. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय जॅझ वादकांना स्वतःच्या देशात वर्णभेदाचा जाच होता, रॉक अँड रोलच्या लाटेत जॅझची कामंही कमी झाली होती. युरोपात त्यांना काम मिळायचं, मानही मिळायचा. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन 1962 मध्ये युरोपात आले आणि पुढची जवळपास चौदा वर्षं मुख्यतः कोपनहेगनमध्ये राहिले. पियानोवादक केनी ड्रू तिथेच स्थायिक झाले. बेन वेबस्टर यांनीही अखेरची वर्षं तिथे काढली. ही सगळी मंडळी जिथे वाजवायची तो क्लब म्हणजे 'जॅझहूस माँमार्त्र'.

न्यूयॉर्कला न जाता न्यूयॉर्कचे वादक हाताच्या अंतरावर मिळणं, हे डेन्मार्कच्या त्या पिढीचं नशीब. बेसवादक निल्स-हेनिंग ऑस्टेड पेडरसन शाळकरी वयात माँमार्त्रमध्ये या दिग्गजांना साथ करू लागले. ड्रमर अ‍ॅलेक्स रील हेसुद्धा तिथले नेहमीचे वादक. मिकेलबोर्ग यांची जडणघडण याच वर्तुळातली.

रील आणि मिकेलबोर्ग यांनी मिळून पाच जणांचा गट बांधला. 1968 मध्ये या गटाने स्वित्झर्लंडच्या माँत्रो जॅझ फेस्टिव्हलमध्ये पहिलं बक्षीस मिळवलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फेस्टिव्हलमध्येही वाजवलं. मिकेलबोर्ग तेव्हा 27 वर्षांचे होते.

रेडिओची नोकरी, म्हणजे प्रयोगशाळा

मिकेलबोर्ग यांच्या घडणीतला दुसरा मोठा वाटा डॅनिश रेडिओचा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या संस्थेने 1960 च्या दशकात स्वतःचे दोन जॅझ वाद्यवृंद उभे केले होते. एक तुलनेने लहान, 'रेडिओ जॅझ ग्रुप', आणि दुसरा मोठा, 'रेडिओ बिग बँड'. मिकेलबोर्ग दोन्हीत वाजवत होते, आणि रेडिओ जॅझ ग्रुपचं नेतृत्व त्यांनी काही वर्षं केलं.

याचा फायदा काय, तर लिहिलेलं संगीत लगेच वाजवून पाहता येतं. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या तरुण संगीतकाराची सगळ्यात मोठी अडचण हीच असते की कागदावरचे स्वर प्रत्यक्षात कसे ऐकू येतात ते कळायला पंधरा-वीस वादक लागतात, आणि पंधरा-वीस वादकांना पैसे द्यावे लागतात. मिकेलबोर्ग यांच्यापुढे ते वादक पगारावर बसलेले होते. चार ट्रंपेट एकत्र आले की पियानो कुठे बुडतो, बासरी कुठे ठेवली तर ऐकू येते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 'ऑरा'मध्ये इतकी वाद्यं असूनही गर्दी वाटत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

लेखनात त्यांच्यापुढे आदर्श होते गिल एव्हान्स. माइल्स डेव्हिस यांच्यासाठी 'पोर्गी अँड बेस' आणि 'स्केचेस ऑफ स्पेन' या अल्बमचं संगीत-संयोजन करणारे हेच ते एव्हान्स. पण मिकेलबोर्ग यांच्या कानावर जॅझबाहेरच्याही दोन माणसांचा पगडा होता, फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ आणि अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हज. मेसियाँ स्वरांना रंग असतात असं मानायचे, त्यांना स्वरसमूह ऐकताना रंग जाणवायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ट्रंपेट जितका कमी, तितका जास्त

ट्रंपेट म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो वरातीतला बँड. कर्कश, चढा, लांबून ओळखू येणारा. मिकेलबोर्ग यांचा ट्रंपेट याच्या अगदी उलट आहे. ते लांब, एकेरी स्वर धरतात. मध्ये बराच वेळ काहीच वाजवत नाहीत. ट्रंपेटबरोबर फ्लुगलहॉर्नही वाजवतात. दिसायला ट्रंपेटचाच भाऊ, पण नळी रुंद असल्यामुळे आवाज गोल आणि मऊ. शिवाय त्यांनी ट्रंपेटचा आवाज इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून नेला, त्याला प्रतिध्वनी जोडले, एका स्वराचे थर केले. एकटा माणूस फुंकतोय, पण ऐकताना वाटतं दरीच्या पलीकडून कुणीतरी उत्तर देतंय.

ही शैली माइल्स डेव्हिस यांच्याकडून आली, हे उघड आहे. कमी वाजवणं आणि जागा सोडणं ही माइल्सची खूण. 1970 च्या दशकात जगभरचे कितीतरी ट्रंपेटवादक माइल्सची नक्कल करत होते, मिकेलबोर्ग त्यांच्यातलेच एक ठरले असते. वाचवलं बहुधा त्यांच्यातल्या संगीतकाराने. आपला आवाज कुठे ठेवायचा यापेक्षा इतरांच्या आवाजाला जागा कुठे करायची, याचा विचार ते जास्त करत होते.

1970 च्या दशकात त्यांनी आधी 'व्ही एट' आणि मग 'एंट्रन्स' हे गट चालवले. जॅझमध्ये रॉकचा ताल आणि इलेक्ट्रिक वाद्यं मिसळण्याचा तो काळ. पण त्याच दशकात ते पूर्ण वेगळ्या गोष्टीही करत होते. 1975 मध्ये डेक्स्टर गॉर्डन यांचा 'मोअर दॅन यू नो' हा अल्बम आला. गॉर्डन यांच्या भरदार सॅक्सोफोनभोवतीचा वाद्यवृंद मिकेलबोर्ग यांनी लिहिला आणि संचालितही केला. मग नॉर्वेचे गिटारवादक तेर्ये रिप्दाल यांच्याबरोबर 'वेव्ह्ज' आणि 'देसांद्र' हे अल्बम झाले. रिप्दाल मुळात रॉकमधून आलेले. त्यांच्या गिटारचे लांबलेले, ताणलेले स्वर आणि मिकेलबोर्ग यांचा ट्रंपेट यांत कुठलं वाद्य कुठे संपतं ते काही ठिकाणी कळत नाही. 'देसांद्र'मध्ये तर बेसवादकच नाही, फक्त तिघे जण. तरी पोकळ वाटत नाही.

हे अल्बम म्युनिकच्या 'ईसीएम' कंपनीने काढले. मानफ्रेड आयशर यांनी 1969 मध्ये सुरू केलेली ही कंपनी स्वच्छ, प्रतिध्वनी असलेल्या, मोकळ्या आवाजासाठी ओळखली जाते. मिकेलबोर्ग यांच्या शैलीला हे घर फारच मानवलं. 1985 मध्ये त्यांनी याच कंपनीसाठी अर्जेंटिनाचे बँडोनियनवादक दिनो सालुत्सी यांच्याबरोबरही ध्वनिमुद्रण केलं. बँडोनियन म्हणजे टँगो संगीतात वाजणारं, भात्याचं वाद्य. त्याच्या जोडीला उत्तर युरोपातला ट्रंपेट ही कल्पना कागदावर विचित्र वाटते, ऐकताना वाटत नाही.

मद्रासचं व्हायोलिन, ऑस्लोचा स्टुडिओ

मिकेलबोर्ग आणि भारतीय संगीत यांचा थेट संबंध इथे येतो. एप्रिल 1983 मध्ये ऑस्लोच्या टॅलेंट स्टुडिओत तीन माणसं जमली. नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक, पाले मिकेलबोर्ग, आणि एल. शंकर.

एल. शंकर मूळचे मद्रासचे, म्हणजे आताच्या चेन्नईचे, कर्नाटक संगीताच्या घराण्यातले. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा गट स्थापन करणारे व्हायोलिनवादक ते हेच. त्यांनी दहा तारांचं, दोन मानांचं व्हायोलिन बनवून घेतलं होतं. त्यावर व्हायोलिनच्या वरच्या स्वरांपासून थेट डबल बेसच्या खर्जापर्यंत जाता येतं. एका माणसाच्या हातात जवळजवळ अख्खा तंतुवाद्यवृंद.

या तिघांचा अल्बम 1984 मध्ये 'व्हिजन' या नावाने आला. त्यात तबला नाही, मृदंग नाही, ड्रम सेट नाही. फ्युजन म्हटलं की सवाल-जवाब आणि शेवटी तिहाई असं जे ठरलेलं चित्र असतं, ते इथे दिसत नाही. शंकर मींड घेत एका स्वरावरून दुसऱ्यावर जातात, मिकेलबोर्ग खाली एक स्वर धरून ठेवतात. भारतीय कानाला तो लगेच कळतो, कारण तंबोरा साधारण हेच काम करतो. ट्रंपेटवर मींड घेण्याचा हट्ट मिकेलबोर्ग यांनी केला नाही, हे त्यांचं शहाणपण. दुसऱ्या परंपरेशी संवाद म्हणजे तिची नक्कल, असा समज त्या काळच्या बऱ्याच फ्युजनमध्ये दिसतो. 'व्हिजन' त्यापासून लांब राहिला. कदाचित म्हणूनच तो फार गाजला नाही, आणि कदाचित म्हणूनच जुनाही वाटत नाही.

'ऑरा'ची गोष्ट

डेन्मार्कमध्ये लेओनी सॉनिंग यांच्या नावाने एक मानाचा संगीत पुरस्कार दिला जातो. 1959 मध्ये तो पहिल्यांदा मिळाला इगोर स्ट्राविन्स्की यांना. पुढची यादी म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताची वंशावळच, बर्नस्टाइन, ब्रिटन, मेन्युहिन, शोस्ताकोविच, मेसियाँ. 1984 मध्ये हा पुरस्कार पहिल्यांदाच एका जॅझ संगीतकाराला जाहीर झाला. माइल्स डेव्हिस.

पुरस्काराच्या वेळी कोपनहेगनमध्ये मैफल होते. माइल्स यांच्यासाठी खास रचना करण्याचं काम मिकेलबोर्ग यांच्याकडे आलं.

हे काम जितकं मानाचं तितकंच अडचणीचं होतं. माइल्ससाठी मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत म्हटलं की तुलना थेट गिल एव्हान्स यांच्याशी होणार. माइल्स यांनी अशा मोठ्या वाद्यवृंदाबरोबर अल्बम केल्याला वीसहून अधिक वर्षं उलटली होती. मधल्या काळात ते रॉककडे आणि फंककडे गेले होते, 1975 नंतर काही वर्षं मंचावरूनच गायब झाले होते, आणि 1981 मध्ये परतल्यावर सिंडी लॉपर आणि मायकल जॅक्सन यांची गाणी वाजवण्यात रमले होते. मागे वळून बघणं त्यांना आवडायचं नाही. म्हणजे जुन्या माइल्सला साजेसं काही लिहिलं असतं तर समोरचा माणूस वैतागण्याचीच शक्यता जास्त.

मिकेलबोर्ग यांनी मग माइल्सच्या संगीताऐवजी माइल्सच्या नावापासून सुरुवात केली.

तत्त्व साधारण असं. हार्मोनियम डोळ्यांसमोर आणा. एका सप्तकात पांढऱ्या-काळ्या मिळून 12 पट्ट्या असतात. शेजारशेजारच्या पट्ट्यांना ओळीने इंग्रजी मुळाक्षरं देत जायचं, एक सप्तक संपलं की पुढच्या सप्तकात जायचं. मग ज्याचं नाव हवं त्याची अक्षरं शोधायची आणि त्या पट्ट्या दाबायच्या. माइल्स डेव्हिस या नावात दहा अक्षरं आहेत, त्यांतली 'आय' आणि 'एस' दोनदा येतात. दहा अक्षरांची दहा स्वरांची ओळ झाली. ती ओळ म्हणजे रचनेचं मूळ सूत्र. तेच स्वर एकावर एक रचले की स्वरसंहती तयार होते, म्हणजे चालही तीच आणि तिच्या खालची बैठकही तीच.

नावाचे स्वर करण्याची युक्ती मिकेलबोर्ग यांची नाही. बाख यांनी स्वतःच्या आडनावाची चार अक्षरं जर्मन स्वरनावांच्या आधारे संगीतात गुंफली होती. शोस्ताकोविच यांनीही स्वतःच्या नावाची सही अनेक रचनांत केली. फरक हा, की मिकेलबोर्ग यांनी सही स्वतःची केली नाही.

रचनेच्या भागांना त्यांनी रंगांची नावं दिली. पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, निळा, गडद निळा, जांभळा. सगळ्यांना मिळून नाव, 'ऑरा'. म्हणजे माणसाभोवतीचं तेजोवलय. मेसियाँ यांचे रंग इथे कामाला आले.

डिसेंबर 1984 मध्ये मैफल झाली. माइल्स शेवटच्या भागात वाजवतील असं ठरलं होतं. ते आले, वाजवलं, आणि थांबलेच नाहीत, ठरल्यापेक्षा बरंच जास्त वाजवत राहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच माइल्स यांनी कळवलं की हे संगीत त्यांना ध्वनिमुद्रित करायचं आहे. 31 जानेवारी ते 4 फेब्रुवारी 1985, असे पाच दिवस कोपनहेगनच्या ईझी साउंड स्टुडिओत काम चाललं. डॅनिश रेडिओच्या बिग बँडचे वादक होते, बेसवर बो स्टीफ आणि निल्स-हेनिंग ऑस्टेड पेडरसन होते, तालवाद्यांवर मॅरिलिन माझूर होत्या. माइल्स आपल्या भाच्याला, ड्रमर व्हिन्स विल्बर्न ज्युनियर यांना घेऊन आले होते.

आणि गिटारवर होते जॉन मॅक्लॉफ्लिन. हे नाव मराठी वाचकाला परकं नसावं. माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' उभी करणारे मॅक्लॉफ्लिन, 2024 मध्ये शंकर महादेवन यांच्यासह ज्या 'शक्ती'ला ग्रॅमी मिळाला तिचे मॅक्लॉफ्लिन. भारताकडे वळण्याआधी ते माइल्सबरोबर 'बिचेस ब्रू'मध्ये वाजले होते. 'ऑरा'च्या सुरुवातीला त्या दहा स्वरांची ओळ त्यांच्या गिटारवर ऐकू येते.

अल्बम ऐकताना दोन गोष्टी लगेच जाणवतात. पहिली म्हणजे माइल्स सगळीकडे नाहीत. 'इंडिगो'मध्ये पियानो पुढे येतो. 'ग्रीन'मध्ये बेसला भरपूर वाव मिळतो. ज्याच्या सन्मानासाठी रचना लिहिली त्यालाच बाजूला बसवायचं, याला धाडस लागतं. पण त्यामुळे ते जेव्हा येतात तेव्हा फरक पडतो. 'व्हाइट'मध्ये जवळजवळ ताल नाही, फक्त म्यूट लावलेला ट्रंपेट आणि भोवती हलके आवाज. म्यूट म्हणजे ट्रंपेटच्या कर्ण्यात बसवायचं बूच, त्याने आवाज दबका आणि टोकदार होतो. इथे माइल्स 58 वर्षांचे आहेत आणि फार काही सिद्ध करायच्या फंदात पडत नाहीत. त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांतलं सगळ्यात सुंदर वादन कुठलं असा वाद झाला, तर 'व्हाइट' त्यात असणारच.

दुसरी गोष्ट, कुठलाच प्रकार फार वेळ टिकत नाही. 'ब्लू'मध्ये रेगेचा ताल आहे. 'रेड'चंच दुसरं रूप पुढे 'इलेक्ट्रिक रेड' म्हणून येतं. शेवटच्या 'व्हायोलेट'मध्ये ब्लूजच्या खाली मेसियाँ यांच्या धाटणीच्या स्वरसंहती सरकत राहतात. सगळंच जमलंय असं नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचा तो धाडधाड आवाज 1985 सालचाच, आज ऐकताना खटकतो. पण त्याच काळातल्या माइल्सच्या इतर अल्बमपेक्षा 'ऑरा' कमी जुना झालाय.

चार वर्षं कपाटात

ध्वनिमुद्रण 1985 मध्ये झालं, अल्बम बाजारात आला 1989 मध्ये.

मधली चार वर्षं गेली ती कंपनीमुळे. माइल्स तीसेक वर्षं कोलंबिया रेकॉर्ड्सबरोबर होते, पण 1980 च्या दशकात संबंध बिघडले. कंपनीचं लक्ष विंटन मार्सालिस या नव्या ट्रंपेटवादकाकडे लागलं आहे, अशी माइल्सची भावना झाली होती. 'ऑरा'वर खर्च करायला कंपनी फारशी उत्सुक नव्हती. डिजिटल रिमिक्ससाठी लागणाऱ्या किरकोळ रकमेलाही नकार मिळाला, अशी तक्रार माइल्स यांनी आत्मचरित्रात केली आहे. त्याच आत्मचरित्रात त्यांनी या अल्बमचा उल्लेख अत्युच्च दर्जाची कलाकृती म्हणून केला. 1985 मध्येच ते वॉर्नरकडे गेले, 1986 मध्ये 'टुटू' आला, आणि 'ऑरा' जुन्या कंपनीच्या कपाटात राहिला.

कल्पना करा, आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालंय, ते करताना समोर स्वतः माइल्स डेव्हिस होते, आणि ते कुणी ऐकूच शकत नाही. मिकेलबोर्ग यांच्यासाठी ती चार वर्षं अशी होती. कंपनीशी भांडायला त्यांच्याकडे ना माइल्ससारखं नाव होतं, ना करार.

अखेर 1989 मध्ये अल्बम आला. 1990 च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला दोन पुरस्कार मिळाले, एक एकल वादनासाठी, दुसरा मोठ्या जॅझ वाद्यवृंदासाठी. दोन्ही माइल्स डेव्हिस यांना. एकल वादनाचं ठीक आहे. वाद्यवृंदाच्या पुरस्कारावर, ज्याने त्या वाद्यवृंदासाठी प्रत्येक स्वर लिहिला त्याचं नाव नसणं मात्र बोचतं. 28 सप्टेंबर 1991 रोजी माइल्स गेले. 'ऑरा' ही त्यांची मोठ्या वाद्यवृंदासोबतची शेवटची मोठी स्टुडिओ कामगिरी ठरली.

मग पुढे काय?

माइल्सबरोबर काम केलेला संगीतकार ही पाटी गळ्यात घालून मिकेलबोर्ग यांना अमेरिकेत बस्तान बसवता आलं असतं. ते डेन्मार्कमध्येच राहिले. 1986 मध्ये कीबोर्डवादक केनेथ क्नुडसन आणि ऑस्टेड पेडरसन यांच्याबरोबर त्यांनी 'हार्ट टू हार्ट' केला. फक्त तिघे, ड्रम नाहीत. 'ऑरा'च्या भव्यतेनंतर थेट दुसरं टोक. 1992 मध्ये 'एनिथिंग बट ग्रे' आला. नावात पुन्हा रंगच.

सिंफनी ऑर्केस्ट्रा, गायकवृंद आणि रंगभूमीसाठीही ते लिहीत राहिले. हार्पवादक हेलन डेव्हिस या त्यांच्या पत्नी. (आडनावाचा उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, माइल्सशी नातं नाही.) ट्रंपेट आणि हार्प या जोडीने दोघांनी बऱ्याच मैफली केल्या.

2001 मध्ये त्यांना नॉर्डिक काउन्सिलचा संगीत पुरस्कार मिळाला. उत्तर युरोपातल्या देशांचा हा संयुक्त पुरस्कार, 1997 मध्ये तो आइसलंडच्या ब्यर्क यांना मिळाला होता. या वेळी यादीत नाव मिकेलबोर्ग यांचं स्वतःचं होतं.

रिप्दाल यांची साथ सुटली नाही. 2003 मध्ये नॉर्वेच्या व्हॉस इथल्या फेस्टिव्हलमध्ये रिप्दाल यांनी 'व्होसाब्रिग' ही रचना सादर केली. नावातच 'बिचेस ब्रू'वर कोटी आहे, 'ब्रिग' म्हणजे 'ब्रू'. त्यात ट्रंपेट मिकेलबोर्ग यांचा. माइल्सच्या सावलीत उभं राहून माइल्ससारखं न वाजवणं ही कसरत त्यांनी वयाच्या साठीनंतरही केली.

आणखी पुढच्या पिढीतले डॅनिश गिटारवादक याकोब ब्रो यांनी त्यांना पुन्हा ईसीएमकडे आणलं. 2018 मध्ये 'रिटर्निंग्ज' आला. मग फेब्रुवारी 2022 मध्ये कोपनहेगनच्या डॅनिश रेडिओ कॉन्सर्ट हॉलमध्ये मिकेलबोर्ग, ब्रो आणि मॅरिलिन माझूर अशी तिघांची मैफल झाली. माझूर म्हणजे 'ऑरा'मध्ये तालवाद्यं वाजवणाऱ्या. त्या ध्वनिमुद्रणानंतर माइल्स यांनी त्यांना आपल्या बँडमध्येच घेतलं होतं. सदतीस वर्षांनी त्या पुन्हा मिकेलबोर्ग यांच्या शेजारी होत्या. 2023 मध्ये ही मैफल 'स्ट्रँड्स' या नावाने अल्बम म्हणून निघाली. मैफलीच्या वेळी मिकेलबोर्ग 81 व्या वर्षात होते. ट्रंपेट हे फुप्फुसांचं आणि ओठांच्या स्नायूंचं वाद्य, या वयात बहुतेकांनी ते केव्हाच खाली ठेवलेलं असतं. ते वाजवतात कमी, पण स्वर हलत नाही.

ऐकायचं असेल तर

थेट 'ऑरा'पासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त पहिल्या पाच मिनिटांवर मत बनवू नका. 'इंट्रो'चा गडगडाट ओसरू द्या आणि 'व्हाइट'पर्यंत थांबा. भारतीय संगीत ऐकणाऱ्यांनी 'व्हिजन' आधी लावला तर जास्त सोपं जाईल. रॉक आवडत असेल तर 'वेव्ह्ज'. आणि 'स्ट्रँड्स' रात्री उशिरा, हेडफोन लावून. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही.